अश्शूर, बाबेल आणि रक्ताने बांधलेली नगरं

प्रश्न थोडक्यात असा आहे : जुन्या करारातले (म्हणजे ज्यूंच्या हिब्रू शास्त्रातले) संदेष्टे, देवाच्या नावाने बोलणारी माणसं, मिसर (इजिप्त), अश्शूर (आजच्या उत्तर इराकमधलं साम्राज्य) आणि बाबेल (बॅबिलोन) यांचा इतका धिक्कार करतात, की ही खरी राज्यं होती की जुलमाची नुसती नावं, हेच कळेनासं होतं. शिवाय जो परमेश्वर अश्शूरला धुळीला मिळवीन म्हणतो, तोच बाबेलच्या राजाला 'माझा सेवक' म्हणतो. याची संगती कशी लावायची? आणि शेवटी हे सगळं म्हणजे हरलेल्यांनी शब्दांत उगवलेला सूडच नाही का?

हिब्रू शास्त्र शिकवताना हे तिन्ही प्रश्न वर्गात हमखास येतात, आणि बहुतेक वेळा याच क्रमाने. पहिल्याचं उत्तर सरळ आहे. राज्यं खरी होती. प्रतीक व्हायला त्यांना वेळ लागला, आणि ते कसं झालं हे पाहिलं की उरलेल्या दोन प्रश्नांचा गुंता बराचसा सुटतो. म्हणून आधी थोडा इतिहास.

इस्राएल आणि यहूदा ही डोंगराळ मुलखातली दोन लहान राज्यं. एका अंगाला नाईलचं खोरं, दुसऱ्या अंगाला फरात (युफ्रेटिस) आणि तैग्रिस (टायग्रिस) नद्यांचा प्रदेश. दोहोंपैकी कुणालाही दुसऱ्यावर चालून जायचं तर वाट यांच्या शेजारून, पुष्कळदा यांच्या शेतांमधूनच. इ.स.पू. ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर अश्शूरच्या गादीवर आला आणि साम्राज्याच्या कारभाराची रीत बदलली. तोवर अश्शूरी फौज बहुतेकदा यायची, खंडणी घ्यायची आणि माघारी जायची. आता जिंकलेलं राज्य खालसा करायचं, तिथे आपला सुभेदार बसवायचा, कारागीर, सैनिक, दरबारी अशी कामाची माणसं उचलून शेकडो कोसांवर नेऊन वसवायची आणि त्यांच्या जागी तिसऱ्याच मुलखातले लोक आणायचे, असा शिरस्ता पडला. अर्पाद ७४० मध्ये गेलं, दिमिष्क (दमास्कस) ७३२ मध्ये, आणि ७२२ च्या सुमारास उत्तरेच्या इस्राएलची राजधानी शोमरोन पडली. तिथून २७ हजारांहून अधिक माणसं नेल्याची नोंद सार्गोन राजा स्वतःच्या लेखांत मोठ्या अभिमानाने करतो.

पुढे यहूदाच्या हिज्कीया राजाने अश्शूरविरुद्ध बंड केलं आणि इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. तटबंदीची ४६ नगरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली आणि हिज्कीयाला त्याच्या राजधानीत, यरुशलेमात (जेरुसलेम), 'पिंजऱ्यातल्या पाखरासारखं' कोंडलं, असं त्याच्या सहा बाजूंच्या मातीच्या लेखात लिहिलं आहे. माणसांचा आकडा फुगवलेला असणार. राजांचे आकडे असेच असतात. यरुशलेम मात्र पडलं नाही, आणि ते घेतल्याचा दावा लेखातही नाही.

त्या ४६ नगरांपैकी एक लाखीश. अश्शूरची राजधानी निनवे, तिथल्या राजवाड्यात सन्हेरीबने एक अख्खं दालन या एका वेढ्याच्या चित्रांनी भरलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लेयार्ड या इंग्रज संशोधकाच्या उत्खननात ते सापडलं आणि आज ते दगडी पट ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाला लावलेल्या उतारावरून वेढ्याची यंत्रं वर चढताहेत, तटावरून पेटते पलिते खाली येताहेत, आणि यंत्राला आग लागू नये म्हणून एक अश्शूरी शिपाई लांब दांड्याच्या पळीने त्याच्यावर पाणी ओततो आहे. वेशीतून माणसं बोचकी घेऊन बाहेर पडताहेत. बैलगाडीवर सामान, सामानावर बायका आणि पोरं. बाजूला तिघांना सुळावर चढवलेलं. पुढे दोघांना जमिनीवर ताणून त्यांची कातडी सोलण्याचं काम चाललेलं. आणि हे सगळं जिथे येऊन थांबतं तिथे टेकडीवर आसन मांडून बसलेला सन्हेरीब, शेजारी कोरलेलं की जगाचा राजा सिंहासनावर बसला आणि लाखीशची लूट त्याच्यासमोरून नेण्यात आली. त्या राजाचा चेहरा मात्र कुणीतरी फोडून टाकला आहे. बहुधा ६१२ मध्ये निनवे पडलं तेव्हा.

हे पट मांडलिकांच्या वकिलांनी पाहावेत, घरी जाऊन सांगावेत, अशीही सोय त्यात असावी. अश्शूरचं राज्य तलवारीइतकंच अशा चित्रांवर, लेखांवर आणि शपथांवर चालत होतं. संदेष्ट्यांची साम्राज्याशी गाठ पडली ती इथे, या भाषेशी.

यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या दहाव्या अध्यायात अश्शूरचा राजा बोलतो. (यशया, यिर्मया, यहेज्केल, मीखा, नहूम, हबक्कूक, सफन्या, योना ही संदेष्ट्यांची नावं आहेत, आणि त्यांच्या पुस्तकांचीही.) भाषांतर माझं, कामापुरतं : 'माझ्याच हाताच्या जोरावर मी हे केलं, माझ्याच अकलेने. राष्ट्रांच्या सीमा मी पुसल्या, त्यांचे खजिने लुटले. घरट्यात हात घालावा तसा माझा हात राष्ट्रांच्या संपत्तीला लागला. सोडून दिलेली अंडी गोळा करावीत तशी मी सारी पृथ्वी गोळा केली. कुणी पंख हलवला नाही, कुणी चोच उघडली नाही, कुणी चिवचिवलं नाही.'

हा राजा यशयाने रचलेला आहे, पण त्याचा आवाज ऐकीव आहे. अश्शूरी राजलेख एका बाजूला उघडे ठेवून यशया वाचला की अभ्यासकांना जे दिसलं ते कुणालाही दिसतं. राजा महापुरासारखा शत्रूवर कोसळतो, असं लेख सांगतात. यशयाच्या आठव्या अध्यायात फरातचं पाणी काठ ओलांडून यहूदात गळ्यापर्यंत चढतं. लबानोनाच्या उंच गंधसरूंवर कुऱ्हाड चालवली, ही राजांची आवडती फुशारकी. सदतिसाव्या अध्यायात सन्हेरीबच्या तोंडी नेमकी तीच आहे. जिंकलेल्या शहरांची यादीही हवेतली नाही. कल्नो, कर्कमीश, हमाथ, अर्पाद, शोमरोन, दिमिष्क ही सगळी त्या काळात एकामागून एक पडलेली ठिकाणं आहेत. साम्राज्याचं भाट-साहित्य घ्यायचं, त्यातली प्रतिमा जशीच्या तशी उचलायची आणि बोलणाऱ्याच्याच अंगावर उलटवायची, ही यशयाची हातोटी. म्हणून अध्यायाच्या शेवटी लबानोन तोडणाऱ्या राजाचीच झाडासारखी खांडोळी होते, आणि कुऱ्हाड चालवणारा परमेश्वर असतो.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो. याच अध्यायात परमेश्वर अश्शूरला 'माझ्या क्रोधाचा सोटा' म्हणतो, आणि थोडं पुढे विचारतो, 'तोडणाऱ्यापुढे कुऱ्हाडीने मिरवावं का?' हे नीट समजून घ्यायचं तर समोरचा दावा काय होता ते पाहायला हवं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे राज्य हरलं की त्याचा देव हरला. यरुशलेमच्या तटाखाली उभं राहून सन्हेरीबचा अधिकारी रब्शाके तेच ओरडून सांगतो : हमाथ आणि अर्पादचे देव कुठे गेले? शोमरोनला त्यांनी वाचवलं का? आणि हे तो यहूदी भाषेत सांगतो. दरबारी विनवतात, अरामी बोल, तटावरच्या लोकांना कळेल. तो ऐकत नाही, कारण त्याला तटावरच्या लोकांनाच ऐकवायचं असतं.

या दाव्याला लहान राज्याने उत्तर काय द्यायचं? फौजेने देता येत नव्हतं. यशया विजयाचं श्रेयच काढून घेतो. तू जिंकलास ते खरं, पण जिंकणारा तू नव्हेस. तू आमच्या देवाच्या हातातली काठी आहेस, आणि काम झालं की काठी चुलीत जाते. सम्राटाला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट, म्हणजे 'मी केलं' हे म्हणणं, तेवढंच नेमकं हिरावून घेतलं जातं. बळी तो कान पिळी हे व्यवहारात चालू राहतं, पण ते न्याय्य आहे असं म्हणायची सोय राहत नाही.

या उत्तराची किंमत मोठी आहे, तीही सांगायला हवी. अश्शूर जर देवाचा सोटा, तर सोटा आपल्या पाठीवर का, याचं उत्तर 'आपलंच चुकलं' एवढंच उरतं. लाखीशच्या बैलगाडीवर बसलेल्या पोराचं काय चुकलं होतं? यशया याचं उत्तर देत नाही. मला वाटतं, देऊ शकत नव्हता. हा प्रश्न पुढे हबक्कूकने उचलला.

आता 'माझा सेवक'. हे शब्द यिर्मयाच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्यासाठी येतात आणि वाचणाऱ्याला ठेच लागते. प्रसंग पाहा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलने यरुशलेम घेतलं, तरुण राजा यहोयाखीन याला पकडून नेलं आणि सिद्कीयाला गादीवर बसवलं. तीनचार वर्षांत अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन यांचे वकील यरुशलेमात जमले. बंडाची खलबतं चालू होती. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून या वकिलांपुढे गेला आणि म्हणाला, बाबेलच्या राजाच्या जुवाखाली मान द्या आणि जगा. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते जू सर्वांदेखत मोडलं आणि दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं जाहीर केलं. लोकांना काय आवडलं असेल ते सांगायला नको. यिर्मयाचं उत्तर : लाकडाचं मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं येईल. ५८६ मध्ये शहर आणि मंदिर जळून खाक झालं.

म्हणजे यिर्मया बाबेलधार्जिणा होता का? त्याच्या हयातीत लोकांनी त्याला फितूर म्हणून पकडलंही. पण त्याच पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या अध्यायाचा शेवट वाचा. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी सराया नावाचा अधिकारी बाबेलला निघाला होता. यिर्मयाने बाबेलवर येणारं सगळं अरिष्ट एका गुंडाळीत लिहून त्याच्या हाती दिलं आणि सांगितलं, तिथे पोचल्यावर हे मोठ्याने वाच, मग गुंडाळीला दगड बांध आणि फरातच्या मध्यभागी फेकून दे. बाबेल असंच बुडेल. आता अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्याशी झालेल्या वादाचं साल बघा. तेही सिद्कीयाचं चौथं वर्ष. पुस्तकाच्या हिशेबाने एकाच वर्षात यिर्मया उघडपणे सांगतो 'बाबेलची चाकरी करा', आणि बाबेलचं मृत्युपत्र लिहून बाबेलमध्येच पाठवतो. (एक्कावन्नावा अध्याय कितपत त्याच्या हातचा, यावर अभ्यासकांत वाद आहे, संपादकांनी ही दोन सालं जुळवली असतील तरी जुळवण्यामागचा विचार तोच.) 'सेवक' हे बिरुद नाही, नेमणूक आहे, आणि तिला मुदत आहे. पंचविसाव्या अध्यायात नबुखद्नेस्सरला 'माझा सेवक' म्हटल्यावर दोनतीन वचनांतच त्या मुदतीचा आकडा येतो : सत्तर वर्षं. मग बाबेलचा झाडा.

बाबेलची जरब अश्शूरपेक्षा वेगळी दिसते, तिला रोजमर्राचं रूप आहे. बाबेलच्या राजवाड्याच्या अवशेषांत शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतली एक इ.स.पू. ५९२ ची आहे, आणि तिथे 'यहूदाचा राजा' यहोयाखीन याच्या नावे तेलाचं माप लिहिलेलं आहे. त्याच्या पाच मुलांसाठी मिळून अडीच माप. कोठाराच्या कारकुनाने इतर कैद्यांच्या, सुतारांच्या, नावाड्यांच्या नोंदींबरोबर हीही केली. दावीदाच्या वंशाचा राजा साम्राज्याच्या खातेवहीतली एक ओळ झाला होता. यिर्मया या हद्दपार लोकांना पत्र लिहितो, घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं कल्याण पाहा. ते पत्र या पाटीशेजारी ठेवून वाचावं. त्यात बाबेलवरचं प्रेम नाही, आणि उद्या सुटू अशी खोटी आशाही नाही.

आता प्रतीक कसं बनलं. एक साम्राज्य गेलं की त्याच्यासाठी बनवलेले शब्द मोकळे होतात, आणि संदेष्टे ते पुढच्याला लावतात. सफन्या निनवेच्या तोंडी एक वाक्य घालतो : 'मीच आहे, माझ्यावाचून दुसरी कोणी नाही.' निनवे पडलं. पुढे यशयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात हेच वाक्य बाबेल बोलते, आणि तिला सिंहासनावरून उतरवून धुळीत बसवलं जातं, जात्यावर दळायला लावलं जातं. यशयाच्या चौदाव्या अध्यायातलं बाबेलच्या राजावरचं उपहासगीत मुळात सार्गोनावर रचलेलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. तो ७०५ मध्ये लढाईत पडला आणि त्याचं प्रेतही मिळालं नाही, आणि गीतातला राजा कबरेविना फेकलेला आहे. तसं असेल तर जुन्या कवितेवर नवं नाव बसलं. त्या गीतात लबानोनाचे गंधसरू म्हणतात, 'तू आडवा झालास तेव्हापासून आम्हांला तोडायला कुणी वर येत नाही.' नबुखद्नेस्सरनेही लबानोनाच्या वादी ब्रिसा या दरीत शिलालेख कोरून, डोंगर फोडून गंधसरू बाबेलला नेल्याची फुशारकी मारलेली आहे. राजे बदलले तरी झाडांचा अनुभव तोच होता.

पण याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे, आणि ती सहसा निसटते. हे शब्द फक्त अश्शूरकडून बाबेलकडे गेले नाहीत. ते यरुशलेमकडेही आले.

नहूम निनवेला 'रक्तपाती नगरी' म्हणतो. यहेज्केल हेच शब्द बाविसाव्या आणि चोविसाव्या अध्यायात वापरतो, आणि दोन्हीकडे ती नगरी यरुशलेम आहे. हबक्कूक बाबेलला शाप देतो : 'जो रक्तपाताने नगर बांधतो, अन्यायाने शहर वसवतो, त्याला धिक्कार असो.' त्याच्याही कितीतरी आधी मीखाने आपल्याच पुढाऱ्यांना म्हटलं होतं, 'तुम्ही सियोन रक्ताने आणि यरुशलेम अन्यायाने बांधता.' (सियोन म्हणजे यरुशलेमच.) रक्त, अन्याय, बांधणं : हिब्रूत दोन्हीकडे शब्दसुद्धा तेच. म्हणजे परक्या साम्राज्यासाठी वाटावा असा शाप मुळात घरच्या सत्तेवर उच्चारलेला होता. यिर्मयाही यहोयाकीम राजाला सोडत नाही : शेजाऱ्याला मजुरी न देता राबवतोस, प्रशस्त माड्या बांधतोस, त्यांना गंधसरूची तावदानं लावून हिंगुळाने रंगवतोस. पुन्हा गंधसरू. निनवेच्या राजाचा शौक यरुशलेमच्या राजाने केला तर त्यालाही तोच हिशेब.

मीखाच्या त्या बोलण्याचा शेवट 'सियोन शेतासारखी नांगरली जाईल' असा होता. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयाला मंदिराविरुद्ध बोलल्याबद्दल मारायला निघाले, तेव्हा गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी भर सभेत मीखाचं हेच वाक्य म्हणून दाखवलं आणि विचारलं, हिज्कीयाने त्याला मारलं होतं का? यिर्मया वाचला. स्वतःच्या राजधानीवरचा शाप लोकांनी शंभर वर्षं तोंडपाठ ठेवला होता.

मिसराचं थोडक्यात सांगतो. गुलामीचं घर म्हणून ते सगळ्यात जुनं प्रतीक, पण संदेष्ट्यांच्या काळात त्याचा धोका वेगळा होता : अश्शूरविरुद्ध मिसराचे घोडे मागायचा मोह. त्यामुळे तिथे मिसर जुलमी कमी आणि बेभरवशाचा जास्त आहे, टेकलं की मोडून हातात घुसणारा बोरू. यहेज्केल त्याला नाईलमध्ये लोळणारा मगरासारखा प्राणी करतो, जो म्हणतो 'नदी माझी, मीच ती केली.' सोर हे बंदर म्हणजे व्यापाराचं साम्राज्य. यहेज्केलच्या सत्ताविसाव्या अध्यायातली त्याच्या मालाची यादी जरूर वाचा : तार्शीशची चांदी, लोखंड, कथील, शिसं, यहूदाचा गहू, मध, तेल, आणि मधेच, इतर मालाच्या ओळीत, माणसं. त्याच यहेज्केलने सोर नबुखद्नेस्सरच्या हाती पडून उद्ध्वस्त होईल असं सांगितलं होतं. तसं झालं नाही. लांबलेल्या वेढ्याअंती तडजोड झाली. एकोणतिसाव्या अध्यायात, ५७१ साली, तो ते मान्य करतो आणि बाबेलच्या शिपायांबद्दल म्हणतो, प्रत्येक डोकं टक्कल पडलेलं, प्रत्येक खांदा सोलवटलेला, आणि सोरकडून मजुरी काही नाही. साम्राज्याच्या पायदळाकडे इतकं जवळून पाहणारी ओळ मला प्राचीन साहित्यात फार आढळलेली नाही.

पारसाचं (इराणचं) काय? ५३९ मध्ये तिथल्या कोरेश (सायरस) राजाने बाबेल न लढता घेतलं. यशयाचा पंचेचाळिसावा अध्याय त्याला चक्क परमेश्वराचा अभिषिक्त म्हणतो. परमेश्वराने त्याचा हात धरला, त्याला नावाने हाक मारली. कोरेशच्या स्वतःच्या मातीच्या लेखात हेच काम बाबेलचा देव मर्दूक करतो. पारसावर संदेष्ट्यांनी स्वतंत्र शाप उच्चारलेला नाही. हद्दपारांना परत जाऊ दिलं, मंदिर बांधू दिलं, हे कारण आहेच. पण पुष्कळसे ग्रंथ त्यांच्याच राज्यात लिहून-संपादून झाले, हेही विसरू नये. नहेम्याच्या पुस्तकातली प्रार्थना मात्र बोलून जाते : आम्ही आमच्याच देशात गुलाम आहोत आणि पिकाचा वाटा राजांना जातो.

तिसरा प्रश्न, सूडाचा. नहूम वाचून कुणी हा प्रश्न विचारला नाही तर मला आश्चर्य वाटतं. इ.स.पू. ६१२ मध्ये मेदी आणि बाबेली फौजांनी निनवे पाडलं, आणि नहूमची कविता त्या पतनाचा जल्लोष आहे. चाबकांचे फटकारे, चाकांचा खडखडाट, प्रेतांना अडखळणारी माणसं. अश्शूरी राजे सिंहाच्या शिकारीचे पट कोरून घेत. नहूम निनवेला सिंहाची गुहा करतो आणि विचारतो, आता कुठे गेली गुहा? कवी म्हणून तो पहिल्या दर्जाचा. पण निनवेला बाई करून तिची वस्त्रं वर ओढण्याचं जे दृश्य तो रंगवतो, तिथे साम्राज्याचीच रीत त्याच्या लेखणीत उतरली आहे, असं माझं मत आहे. ते झाकून शिकवू नये.

तरी याच संग्रहात योनाही आहे. हिब्रू शास्त्रात बारा लहान संदेष्टे मिळून एकच पुस्तक मानतात, आणि त्या बारांतली दोनच पुस्तकं प्रश्नाने संपतात : नहूम आणि योना. दोन्ही निनवेबद्दल. नहूमचा शेवट : 'तुझ्या अखंड क्रूरपणाचा फटका कुणाला बसला नाही?' योनाचा शेवट : ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं त्या नगरात आहेत, परमेश्वर विचारतो, मी त्या नगराची कीव करू नये काय? यातला कुठलाही एक प्रश्न संकलन करणाऱ्यांना वगळता आला असता. त्यांनी दोन्ही ठेवले, आणि पुढे योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारी सिनेगॉगमध्ये वाचायला योना निवडला गेला. यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायाचा शेवट तर याहून पुढे जातो. तिथे मिसर ते अश्शूर असा राजमार्ग होतो आणि परमेश्वर म्हणतो, मिसर माझी प्रजा, अश्शूर माझ्या हातची कृती, इस्राएल माझं वतन. लाखीशची आठवण असलेल्या समाजाने हे वाक्य जपून ठेवलं. म्हणून सूड आहे का, तर आहे. पण त्याला तिथेच, त्याच पानांत, हरकत घेतलेली आहे.

बाबेल जाऊनही बाबेल संपली नाही, हे शेवटचं. खरं तर कोरेशने शहर जाळलंच नाही. शिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये तिथेच मेला. यशया आणि यिर्मया यांनी वर्णिलेलं ओसाड बाबेल पुष्कळ उशिरा, हळूहळू झालं. पण तोवर नाव शहरापासून सुटलं होतं. दानीएलचं पुस्तक इ.स.पू. १६७ ते १६४ च्या सुमारास, अँटिओकस एपिफनिस या ग्रीक राजाने ज्यूंचा छळ केला त्या काळात आजच्या रूपात आलं, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्यात साम्राज्यं एकाच पुतळ्याचे सोनं, रुपं, पितळ आणि लोखंडाचे थर होतात. (ख्रिस्ती शास्त्रात दानीएल संदेष्ट्यांत मोडतो, हिब्रू शास्त्रात मात्र तो 'लेख' या तिसऱ्या विभागात आहे. चर्चा करताना हा फरक ध्यानात ठेवा.) १९४७ मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत हबक्कूकवरचं एक भाष्य सापडलं. हबक्कूकने म्हटलं होतं की खास्दी, म्हणजे बाबेली लोक, माणसांना माशांसारखं जाळ्यात धरतात आणि मग त्या जाळ्याचीच पूजा करतात. भाष्यकार ते 'कित्ती' लोकांना लावतो, जे आपल्या निशाणांना बळी अर्पण करतात. रोमी पलटणीच्या निशाणांची पूजा ज्याने पाहिली वा ऐकली, त्याला अर्थ सांगायची गरज नव्हती. इ.स. ७० मध्ये रोमने दुसरं मंदिर जाळलं. मग नव्या करारातल्या प्रकटीकरण या पुस्तकात रोमचंच नाव बाबेल झालं, आणि तिच्या मालाची यादी यहेज्केलच्या सोरवरून बेतली गेली. तिचाही शेवट माणसांच्या विक्रीने होतो. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, रोमला अदोम म्हटलं. दोन्ही मंदिरांच्या नाशाचा उपास अव महिन्याच्या नवमीला एकाच दिवशी पाळतात. कोकणातले बेने इस्राएल ज्यू त्याला बिर्ड्याचा रोजा म्हणत, कारण तो सोडताना वालाचं बिरडं असे.

स्वतः वाचायचं असेल तर दानीएल आणि प्रकटीकरण यांपासून सुरुवात करू नका. तिथे प्रतीक पक्कं झालेलं असतं आणि राज्य हाती लागत नाही. यशयाचा दहावा अध्याय आणि छत्तीस-सदतीस आधी घ्या, जमल्यास लाखीशच्या पटांची छायाचित्रं समोर ठेवून. मग हबक्कूकचे पहिले दोन अध्याय एका बैठकीत, आणि त्याला लागूनच मीखाचा तिसरा. नहूम वाचलात की त्याच दिवशी योना वाचा. यिर्मयाचे सत्तावीस ते एकोणतीस आणि एक्कावन्न हे अध्याय जोडीने वाचावेत. मराठी पवित्र शास्त्राच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत नावांची रूपं थोडी बदलतात, तेवढं सांभाळा.